अप्पा, तुमचं शिष्टमंडळ

अप्पा, परवा परत व्हेटो पडला, आणि घरात भांडायला कोणी नाही.

मी डिशवॉशर लावत होते. समीर फोन बघत म्हणाला, "अमेरिकेने परत अडवला बघ युनोतला गाझाचा ठराव. बाकी जवळजवळ सगळे बाजूने होते." मी सवयीने खिडकीजवळच्या तुमच्या खुर्चीकडे मान वळवली. आता तुम्ही चष्मा कपाळावर चढवणार, "आधी ठरावाचे शब्द काय आहेत ते वाच" म्हणणार, मी म्हणणार शब्दांचं लोणचं घाला, आणि मग जेवण निवून गेलं तरी आपलं चालूच. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. समीरच्याही लक्षात आलं असावं. त्याने फोन उलटा ठेवला आणि तो कपड्यांच्या घड्या घालायला लागला.

काल तुमचं तेरावं झालं. मराठी मंडळातले बरेच जण आले, डबे घेऊन आले. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. काका किती शांत, किती बॅलन्स्ड, कधी कोणाला दुखावलं नाही. मी हो हो म्हणत प्लेट्स भरत होते. मनात म्हणत होते, अहो, या बॅलन्सशी सगळ्यात जास्त कोण भांडलं असेल तर ती मी. तुम्ही कुठे कुठे पोस्टिंगवर होतात, किती भाषा येत होत्या, ते सगळं समीरने सांगितलं. त्याचं ते काम आहे. मला तुमच्याशी उद्याबद्दल बोलायचं आहे. उद्या सोमवार आहे, अप्पा.

तुम्ही कायमचे आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला राहायला येणार हे ठरलं तेव्हा मी धसकले होते, हे आता सांगते. परराष्ट्र खात्यातला रिटायर्ड सासरा. आता जेवताना काटा डावीकडे की उजवीकडे ते शिकावं लागणार, असं वाटलं. पहिल्याच आठवड्यात आमटीत मीठ घालायला मी विसरले. तुम्ही एक घास खाल्लात, चमचा खाली ठेवलात आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "माझं शिष्टमंडळ चिंता व्यक्त करतं." तुमची नात रेवा तेव्हा शाळेत होती. तिच्या नाकातून पाणी आलं हसून. मग तुम्ही तिला समजावलंत, की युनोमध्ये कोणी 'मी' म्हणत नाही. माणूस एकटा बसलेला असो, मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या असोत, म्हणायचं 'माय डेलिगेशन'. आणि चिंतेच्या वर तीव्र चिंता, त्याच्या वर खेद, मग तीव्र खेद, आणि सगळ्यात वर निषेध. निषेध जपून वापरायचा, म्हणालात. तो एकदा खर्च झाला की हातात काही उरत नाही.

त्या दिवसापासून आपल्या घराची ती भाषाच होऊन गेली. पोळी करपली की तीव्र चिंता. समीरने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला नाही की खेद. रेवाने नवी गाडी गराजच्या दाराला घासली, तेव्हा तुम्ही तीव्र खेदापर्यंत गेलात आणि लगेच तिला आइस्क्रीम खायला घेऊन गेलात. निषेध आपल्या घरात कधी कोणाच्या वाट्याला आला नाही. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं.

आणि ती सूचनांची गोष्ट. ती तर तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचात. मतदानाआधी दिल्लीहून तार यायची, हो म्हणा, नाही म्हणा, तटस्थ राहा. तिला तुम्ही लोक 'सूचना' म्हणायचात. एकदा तार आलीच नाही. तुम्ही कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनपाशी येरझाऱ्या घालताय, आत मतदान सुरू होतंय, आणि तुमचे साहेब शांतपणे उठून बाथरूममध्ये गेले. मतदान संपेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. "सूचना नसतील तर बाथरूम, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे," असं म्हणून तुम्ही इतके हसायचात की खोकला लागायचा. पाहुणे हसायचे, मीही हसायचे. ती गोष्ट कितव्यांदा ऐकली याचा हिशोब नाही, पण ती भीतीची गोष्ट आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गाझाचं युद्ध सुरू झालं आणि हे हसणं कमी कमी होत गेलं. भारत एका मतदानात तटस्थ राहिला, त्या संध्याकाळी आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी ऑफिसच्या कॉलवरून उठून आले होते, डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "अप्पा, मुलं मरतायत आणि आपल्या देशाला हो की नाही तेही सांगता येत नाही?" तुम्ही म्हणालात, "तटस्थ म्हणजे गप्प नव्हे, मेधा. आम्ही मताचं स्पष्टीकरण देतो. ते वाच." मी म्हटलं, "स्पष्टीकरण कोण वाचतं?" तुम्ही म्हणालात, "लिहिणारा वाचतो." मग हळूहळू सगळं काढलंत. आपण एके काळी पॅलेस्टाइनच्या बाजूने किती ठणकावून बोलायचो, ती भाषणं तुम्ही लिहीत होतात. पुढे वारं बदललं, शब्द मऊ झाले, तेही तुम्हीच लिहीत होतात. "दोन्ही मीच लिहिलं आणि दोन्ही वेळेला मला झोप लागली," असं म्हणालात. मी कणीक मळायला घेतली.

अमेरिकेबद्दल तर तुम्ही कधी रागावलाच नाहीत. मी टॅक्स भरणारी, मत देणारी, म्हणून माझा जास्त जळफळाट व्हायचा. ज्या देशाशी यांचं पटत नाही तिथले मानवी हक्क यांना दुर्बिणीतून दिसतात आणि मित्राच्या अंगणात चष्मा सापडत नाही, असं मी म्हणायचे. "सगळेच करतात," तुम्ही म्हणायचात. "आम्हीही केलं. नवीन काय आहे?" हे 'नवीन काय आहे' मला सगळ्यात जास्त लागायचं. रेवा ॲन आर्बरहून वीकेंडला यायची, युनिव्हर्सिटीतल्या निदर्शनांतून थेट, गळ्यात तो पॅलेस्टिनी चौकड्यांचा रुमाल, आणि तुमच्यासमोर बसून म्हणायची, "आजोबा, दॅट्स सच अ कॉप-आउट, नुसती पळवाट." तुम्ही तिला विचारायचात, तुझ्या रूममेटचा कोणी नातेवाईक युद्धाच्या त्या पहिल्या दिवशीच्या हल्ल्यात गेला, तिच्याशी तू काय बोललीस? रेवा रुमालाची टोकं ओढत बसायची. ती बोलली नव्हती तिच्याशी, दोघी एका खोलीत राहून. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर असायचात. तुम्ही नेहमी तेवढ्यापुरते बरोबर असायचात, म्हणून तर तुमच्याशी भांडून माणूस थकायचा.

पण मला सलमाबद्दल बोलायचं आहे. दोन घरं सोडून राहणारी, फार्मसी चालवणारी, गाझात जन्मलेली सलमा. माझी मैत्रीण तुमच्यामुळे झाली. मी इतकी वर्षं तिला फक्त हात हलवायचे. तुम्ही फिरायला जाताना तिला थेट अरबीत नमस्कार केलात, तर ती हातातलं फावडं टाकून हसायला लागली. मला म्हणाली, "तुझे सासरे टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलतात." पुस्तकी अरबी तुमची. तेव्हापासून तुम्ही तिचे 'अम्मो' झालात, म्हणजे काका. ती झातर पाठवायची, तो ओव्याच्या वासाचा, तीळ घातलेला मसाला, आणि तुम्ही तो तेलात कालवून ज्वारीच्या भाकरीला लावायचात. तिच्या फोनवरून तिच्या भावाशी बोलायचात. नबील. शाळेत गणित शिकवायचा, शाळा गेल्यावर तंबूत शिकवायला लागला. लाइन मिळाली की तुम्ही विचारायचात, आज काय शिकवलं? तो म्हणायचा, अपूर्णांक, मुलांना अजून जमत नाहीत. तुम्ही म्हणायचात, मलाही कधी जमले नाहीत. दोघं हसायचात. मग लाइन तुटायची.

एक दिवस नबील पीठ आणायला गेला आणि परत आला नाही.

आपण दोघं सलमाकडे गेलो. मी काय बोलायचं या विचाराने घाबरलेली, तुम्ही मात्र शांत. तुम्हाला सगळं माहीत होतं. मयताच्या घरी कॉफीत साखर नसते, कप उजव्या हातात घ्यायचा, नको असेल तेव्हा किंचित हलवून परत द्यायचा. सगळं बिनचूक केलंत. खोलीभर बायका बसलेल्या, सलमा मध्ये, चेहरा सुजलेला. मी तिच्या शेजारी जाऊन नुसती बसले. आणि तुम्ही घसा साफ केलात आणि इंग्लिशमध्ये म्हणालात, "सर्व बाजूंच्या सर्व निरपराध जीवितहानीबद्दल आम्हाला तीव्र खेद वाटतो."

आम्हाला. अप्पा, तिथे आम्ही कोण होतो हो?

सलमाने तुमच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "अम्मो, त्याचं नाव नबील होतं," एवढंच म्हणाली, आणि थांबली. ती वाट बघत होती, तुम्ही ते नाव घ्याल म्हणून. मीही वाट बघत होते. तुम्ही मान हलवलीत आणि बुटांकडे बघत राहिलात.

घरी येताना ड्राइव्हवेवर, भर बर्फात मी तुमच्यावर ओरडले. शेजारच्या घराचा पडदा हलला तरी मी थांबले नाही. तुम्ही म्हणालात, "मी बोललो ते खोटं होतं का?" मी म्हटलं, "खोटं नव्हतं. पण तिथे कोणी मतदान ठेवलं नव्हतं." तुम्ही म्हणालात, "त्या पहिल्या दिवशी मारले गेलेलेही कोणाचे तरी भाऊ होते, मेधा." मी म्हटलं, "होते. आणि त्यांच्या घरी गेलात तर तिथेही सर्व बाजू म्हणाल?" तुम्ही खरोखर विचार केलात. टोपीवर बर्फ साठत होता. मग म्हणालात, "हो. तिथेही हेच म्हणेन." आणि मला तुमचा राग येता येता एकदम भीतीच वाटली. म्हणजे कोणाच्याच दारात तुम्ही नुसते रडायला जाणार नव्हतात.

सलमाने भांडण केलं नाही. झातर यायचा बंद झाला, एवढंच. दिसली की मान हलवायची. मैत्री माझी होती आणि गेली तुमच्या एका वाक्याने, असं मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं. तुम्हाला डायलिसिसला सोडताना, आणताना, सिग्नलला थांबल्यावर. "तिच्याकडे जा आणि फक्त त्याचं नाव घ्या. पुढे काही बोलू नका." तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. कधी म्हणायचात, आज फार थकवा आहे. थकवा होताच. तो मलाही होता. ऑफिस, डायलिसिस, गाझातले रोजचे ते फोटो, काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करून मशीनवर निरोप ठेवायचा आणि आपण काहीतरी केलं असं स्वतःला सांगायचं. दमून गेले होते मी. अजूनही आहे.

मग ते सिटी कौन्सिलचं आलं. सलमाची फार्मसी ज्या गावात आहे तिथे युद्धबंदीचा एक ठराव यायचा होता. समीर वैतागला. "यार, एवढ्याशा गावाने ठराव करून बॉम्ब थांबणार आहेत का? आणि बोलणाऱ्याचं नाव ऑनलाइन जातं. आपण सिटिझन आहोत, पण तरी." मंडळातल्या व्हिसावरच्या मुलांनी तर मिठाची गुळणी धरलेली, आणि त्यांना मी दोष देत नाही. रेवा म्हणाली, हे सगळं परफॉर्मेटिव्ह आहे, नुसता देखावा. आणि तुम्ही, ज्यांना ठरावांची किंमत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक, ते पेपरची घडी घालून म्हणालात, "मी बोलणार आहे. माझं नाव दे."

मी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही स्पष्टीकरण दिलं असतं.

तयारीचे ते दिवस. डायलिसिसहून आल्यावर तुम्ही झोपून सांगायचात, मी टाइप करायचे. तुम्ही एक 'तथापि' घालायचात, मी खोडायचे. तुम्ही 'संबंधित सर्व पक्षांनी' म्हणायचात, मी हरकतीचा हात वर करायचे. मी म्हटलं, "नबीलचं नाव घाला." तुम्ही म्हणालात, "माणसाचं नाव घातलं की तो ठराव राहत नाही, तक्रार होते." मी म्हटलं, "मग करा की तक्रार. आयुष्यात एकदा तरी करा." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. थोड्या वेळाने म्हणालात, "वाचून दाखव बरं परत."

त्या सभेत आधी कचऱ्याच्या गाड्यांवर चर्चा झाली, मग कुत्र्यांच्या पार्कच्या कुंपणावर. तुम्ही सूट घातला होता, जुना, आता दोन माणसं मावतील असा सैल झालेला, आणि हातात माकडटोपी. सलमा आपल्या मागच्या रांगेत. तिने तुम्हाला बघितलं होतं, बोलली नव्हती. तुमचं नाव पुकारलं, उच्चाराची वाट लावत. तुम्ही काठी टेकत माइकपर्यंत गेलात. कागद ठेवलात. ताठ झालात. आणि काय ते स्वच्छ इंग्लिश, काय तो आवाज, मी तसा आवाज तुमचा घरात कधी ऐकला नव्हता. "मॅडम मेयर, माय डेलिगेशन..."

मागे कोणीतरी खुसकन हसलं. वाईट नव्हतं ते हसू. मेयरबाईंनी मऊ आवाजात विचारलं, "सर, तुम्ही एखाद्या संस्थेच्या वतीने आला आहात का?"

तुम्ही मागे वळून बघितलंत. ते वळणं आठवून मला रोज काहीतरी होतं, अप्पा. मागच्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते बघायला वळलात तुम्ही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी होते, मांडीवर तुमची औषधांची पिशवी. माझ्यामागे सलमा. तुम्ही आमच्याकडे बघत राहिलात. टेबलावरचा, बोलण्याची वेळ मोजणारा हिरवा दिवा पिवळा झाला. मग वळलात, कागद नीट घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "मॅडम मेयर, आय ॲम विदाउट इन्स्ट्रक्शन्स." आणि परत येऊन बसलात. दिवा लाल व्हायचाही बाकी होता.

गाडीत तुम्ही माकडटोपी कानांवर ओढलीत. मग तुम्ही म्हणालात, "सूचना नसताना बोलायची सवय नाही गं मला." मी तेव्हा रागावले नाही. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी हीटर वाढवला आणि तुमच्या पायांवर शाल टाकली. कौन्सिलने त्या दिवशी काही ठरवलंच नाही. पुढच्या महिन्यावर ढकललं. तुम्ही म्हणालात, हेही मला ओळखीचं आहे.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी तुम्ही अर्धे इथे, अर्धे कुठे. पण त्या दुपारी एकदम लख्ख जागे झालात. मी सफरचंद चिरत होते. तुम्ही म्हणालात, "मेधा, सूचना काय आहेत?" मला वाटलं वातात बोलताय, जुन्या ऑफिसात आहात. तर म्हणालात, "सभेच्या. तू दे. मला कोणीतरी द्यायलाच लागतात." मी चाकू खाली ठेवला. म्हटलं, "सूचना एकच. नबीलचं नाव घ्यायचं. तो गणित शिकवायचा आणि तुम्हाला त्याची आठवण येते, एवढं सांगायचं. पुढे काही नाही." तुम्ही विचारलंत, "सर्व बाजू?" मी म्हटलं, "नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी जाऊ, त्यांच्या दारात, त्यांची नावं घ्यायला. मी नेईन तुम्हाला." तुम्ही माझ्याकडे टक लावून बघितलंत आणि म्हणालात, "हे बरं आहे. हे मला आधी सुचलं नाही." मग सफरचंदाची फोड उचललीत आणि म्हणालात, "सूचना मिळाल्या."

सभेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी सलमा आली. हातात थर्मास. कितीतरी महिन्यांनी तिचे बूट आपल्या दाराशी. माझ्या किचनमध्ये शिरली, कप शोधले, बिनसाखरेची कॉफी ओतली, मला दिली. "अल्ला यरहमो," म्हणाली. देव त्याच्यावर दया करो. बस, त्यांच्यात हेच म्हणतात, गल्लीतलं कोणीही म्हणतं. तुम्हालाही माहीत होतं, अप्पा, चाळीस वर्षं. मी तेव्हा रडले. तोवर रडायला वेळच मिळाला नव्हता, फ्यूनरल होमचे फोन, समीरचा चेहरा, तुमच्या औषधांचे डबे परत करायचे.

मग तिने विचारलं, "त्या दिवशी काय बोलणार होते ते?" मी म्हटलं, कागदावर होतं ते तुला आवडलं नसतं. आणि मग हॉस्पिटलातलं सांगितलं. सूचना मी दिल्या, त्यांनी त्या घेतल्या, सगळं. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "एवढ्या महिन्यांत सरकारी माणसाच्या तोंडून मी एकच खरी गोष्ट ऐकली. मला सूचना नाहीत, ही. बाकीच्यांना असतात आणि ते सांगत नाहीत." मी विचारलं, "म्हणजे तू त्यांना माफ केलंस?" ती म्हणाली, "माहीत नाही. नाव घ्यायला हवं होतं त्यांनी. माझ्या घरात, माझ्यासमोर." मग थर्मास उघडत, "पण मला त्यांची ती बातम्यांसारखी अरबी आठवते." तिने माझा कप परत भरला. नको म्हणून कप हलवायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

तर उद्या सोमवार. ठराव परत येतोय. पास होईल की नाही माहीत नाही, झाला तरी कोण वाचणार तेही माहीत नाही. तुमच्यासारखंच वाटतं मलाही, नवीन काय आहे. समीरने कुरकुर केली आणि मग म्हणाला मीच ड्राइव्ह करतो, रस्ते निसरडे आहेत. रेवा ॲन आर्बरहून येतेय. ती रूममेटशी बोलली, बरं का. काय बोलली ते सांगितलं नाही, फक्त म्हणाली, आजोबांना सांग. सांगितलं.

तुमच्या जागेवर मी माझं नाव दिलंय. मला स्टेजची भीती वाटते, ऑफिसातल्या प्रेझेंटेशनचीसुद्धा. मी तुमच्यासारखं इंग्लिश बोलत नाही. पण सुरुवात तीच करणार आहे, मॅडम मेयर, माय डेलिगेशन. हसले तर हसू देत. मागे सलमा असेल, रेवा असेल, तुमचा मुलगा असेल, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून तुमची माकडटोपी ठेवणार आहे.

मग नबीलचं नाव घेईन. तो गणित शिकवायचा, अपूर्णांक शिकवायचा, आणि आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला त्याची आठवण यायची, एवढं सांगेन. आणि येऊन बसेन. स्पष्टीकरण देणार नाही, अप्पा.